तत्काळ उत्तराचा ठराव

शेखर गोळ्याला उत्तरं सुचत नसत असं मुळीच नाही. सुचत, आणि चांगली खणखणीत सुचत. फक्त दोन दिवसांनी सुचत. सोमवारी कुणी टोमणा मारला की बुधवारी सकाळी दाढी करताना, अर्धा गाल फेसात असताना, त्याला असं काही चोख उत्तर सापडायचं की तो वस्तरा बाजूला ठेवून स्वतःशीच हसायचा. पण सोमवारचा माणूस बुधवारपर्यंत थांबून राहत नाही. तो बापडा आपल्या कामाला गेलेला असतो.

तसं पाहिलं तर शेखरला फार बोलावंही लागत नसे. उरवड्याच्या एका कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. समोर आलेला तुकडा मापाला लावायचा आणि ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं, एवढंच बोलणं. ते तो वीस वर्षं बिनचूक बोलत आला होता. घरी हेमलता होती, म्हणजे त्याची बायको. ती पौडच्या एका मास्तरांची मुलगी, बोलायला नेमकी आणि हिशेबी, त्यामुळं घरातही त्याच्यावर फारसा भार नव्हता. उरवड्याहून मुठ्याकडं जाताना वर चढून गेलं की करंजटेक लागतं, तिथं त्यांचं घर. घराला लागून हेमलतानं तीन खोल्यांचा होमस्टे काढला होता आणि मागच्या दोन गुंठ्यांत वांगी, पपई, पालक लावला होता. पुण्याची माणसं शनिवारी येत, स्वतःच्या हातानं वांगी तोडत आणि आपण फार मोठी शेती केली अशा समाधानानं रविवारी परत जात. सहा वर्षं खपून तिनं हे उभं केलं होतं. गोष्ट याच दोन गुंठ्यांवर येऊन आदळणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आदळण्याची सुरुवात झाली मुठ्यात, एका पुतणीच्या साखरपुड्यात. घरातलं शिकलेलं माणूस म्हणून शेखरला दोन शब्द बोलायला उभं केलं. त्यानं माईक हातात घेतला, दोनदा खाकरला, समोर पाहिलं. समोर पहिल्याच खुर्चीत गेणबा तात्या.

गेणबा तात्या म्हणजे करंजटेकचे अधिकृत तोंड. वय अडुसष्ट. अर्धी जमीन विकलेली, अर्धी भाड्यानं दिलेली, त्यामुळं बोलायला पूर्ण वेळ मोकळे. फाट्यावरच्या टपरीवर सकाळी आठला ते रुजू होत, आणि त्यांच्या तावडीतून सरपंच, पाहुणा, पोस्टमन, कुणी सुटत नसे.

‘‘आचाऱ्याला सांगा रं,’’ तात्या मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘आजून एक भात टाक म्हनावं. शेखर बोलाया उठलाय, पयला शबुद येईस्तवर शिजंल.’’

मांडव कोसळला. नवरीसुद्धा हसली, आणि नवरीनं त्या दिवशी हसायचं नाही असं तिला आईनं बजावलेलं होतं. शेखर ‘‘हॅ हॅ’’ म्हणाला आणि माईक देऊन खाली बसला. ‘हॅ हॅ’ हे उत्तर नव्हे, हे त्यालाही कळत होतं.

बुधवारी दाढी करताना उत्तर आलं. एवढं सुरेख उत्तर वाया घालवणं त्याला पाप वाटलं. त्यानं सरळ तात्यांना फोन लावला.

‘‘तात्या, परवा साखरपुड्यात तुम्ही म्हणालात ना, अजून एक भात टाक म्हणून...’’

‘‘कोन बोलतंय?’’

‘‘शेखर. गोळ्यांचा. तर त्यावर माझं म्हणणं असं, की तुम्ही जेवायला बसलात की दोन भात टाकावे लागतात, त्याचं काय?’’

पलीकडं बशीतला चहा भुरकल्याचा आवाज आला. मग तात्या फार मायेनं म्हणाले, ‘‘शेखर, जेवान उरकून दोन दिस झालं की रं. तू उपाशी ऱ्हायलास व्हय?’’

संध्याकाळपर्यंत टपरीवर बातमी होती की शेखर गोळ्याला साखरपुड्यात भात मिळाला नाही आणि तो अजून चौकशी करतोय. दोन भाबड्या बायकांनी घरी डबासुद्धा पाठवला. त्या डब्याकडं पाहून शेखरनं ठरवलं, की आता हजरजबाबी व्हायचं. शिकायचंच.

‘‘कशाला?’’ हेमलता म्हणाली. ‘‘गप्प बसता ते शोभतं तुम्हाला.’’ हे बोलणं प्रेमाचं की अपमानाचं, यावर तो दोन दिवस विचार करत होता.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा शंभू म्हणाला, मोबाइलवर असले हजार जोक असतात, पाठ करून टाक. कारखान्यातला एकजण म्हणाला, उत्तरं आधीच तयार ठेवायची. शेखर पद्धतशीर माणूस. त्यानं दोनशे पानी वही आणली, विभाग पाडले: सासुरवाडी, कारखाना, भावकी, किरकोळ. पुढं अनुक्रमणिका केली. अडचण एवढीच की टोमणा बसला की तो कोणत्या विभागात बसतो ते ठरवून पान काढेपर्यंत टोमणा मारणारा चहा पिऊन निघून जाई. भावकीच्या टोमण्याला एकदा त्यानं चुकून सासुरवाडीतलं उत्तर दिलं. त्या चुलतभावाकडं हल्ली जाणं-येणं नाही.

शेवटी गुरू भेटला तो पिरंगुटच्या बाजारात. युनूसभाईंचं तिथं बिजागऱ्या, कड्या, नळ यांचं जुनं दुकान. शेखर नळाचा वॉशर घ्यायला गेला तेव्हा एक गिऱ्हाईक तावातावानं कडी दाखवत होतं.

‘‘युनूसभाई, ही गंजल्याली दिलीय मला!’’

‘‘व्हय, गंजलीय की,’’ युनूसभाई शांतपणे म्हणाले. ‘‘उद्या या, भोकं पडल्यालीबी येनार हायेत. एक बाजूला ठिवू का तुमच्यासाठी?’’

गिऱ्हाईक खो खो हसलं. कडी बदलून घेतली आणि वर दोन बिजागऱ्या घेऊन गेलं. शेखर वॉशर विसरून काउंटरला टेकला.

‘‘त्यात काय न्हाई शेखरभाऊ,’’ युनूसभाई म्हणाले. ‘‘समोरच्याला अडवायचं न्हाई. त्यो जे म्हनंल त्याला पयलं व्हय म्हनायचं. आन मग त्याच्याच वाटंनं त्याच्या दोन पावलं पुढं जायाचं. त्यो गारच. पन येक हाय, समोरच्याचं तोंड बघून बोलायचं. हसनारा मानूस पायजे.’’

शेखरनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटची दोन वाक्यं तेवढी राहिली, कारण पान संपलं. आणि माणसाचं नशीब कसं असतं पाहा, दोनशे पानांची वही असून त्यानं पान उलटलं नाही.

प्रयोग दुसऱ्याच दिवशी झाला. कारखान्यातले नवे साहेब बाहेरचे, हिंदीत बोलणारे. दुपारी शेखर डोळे चोळताना दिसला तेव्हा ते म्हणाले, ‘‘गोळे, यहाँ सोने आते हो क्या?’’

‘‘हाँ साहब,’’ शेखर तत्काळ म्हणाला, ‘‘बस तकिया लाना भूल गया.’’

काय वेळ साधली होती! शेखरच्या अंगावर काटा आला. साहेबांच्या तोंडावर मात्र काहीच आलं नाही. चार वाजता पत्र आलं: कामाच्या वेळेत आपण झोपत असल्याचे व त्यासाठी साहित्य आणण्याचा आपला विचार असल्याचे आपण स्वतः मान्य केले आहे, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. शेखरनं खुलासा केला. त्यात ‘विनोद’ हा शब्द सात वेळा आला होता आणि एकाही ठिकाणी हसू येत नव्हतं.

दुसरा प्रयोग होमस्टेमध्ये. पुण्याहून दिशा नावाच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, इथं डास आहेत का हो? आता इथं ‘थोडे आहेत, कॉइल देतो’ म्हणून विषय मिटतो. पण शेखर आता साधा माणूस राहिला नव्हता. ‘‘आहेत ना मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘घरचेच आहेत. आम्हीच पाळलेत.’’ बाई परत गेल्या आणि त्यांनी सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, की मालक डास पाळतो, त्यानं स्वतः सांगितलं. एक तारा. पुढच्या शनिवारी दोन खोल्या रिकाम्या राहिल्या. हेमलतानं ते वाक्य मोबाइलवर वाचलं, मोबाइल त्याच्यापुढं ठेवला आणि वांग्यांना पाणी घालायला निघून गेली. शहाण्या माणसानं इथं थांबावं. पण दोन फटके बसूनही शेखरच्या मनात एकच गोष्ट राहिली होती: उत्तर वेळेवर येतंय!

आणि मग आली फेब्रुवारीअखेरची ग्रामसभा.

करंजटेकपुढं एकच प्रश्न होता, कचरा. आठवड्याच्या शेवटी येणारी माणसं, बंगलेवाले, होमस्टेवाले, सगळ्यांचा कचरा ओढ्याकाठी म्हाताऱ्या सारजाबाईंच्या, म्हणजे गावाच्या सारजाआत्यांच्या, घराशेजारी पडत असे आणि तिथंच जळत असे. कचऱ्यासाठी बंदिस्त शेड बांधायला निधी आलेला होता, जागा नव्हती. मार्च संपला की निधी परत. एक जागा देवळाजवळ निघाली, एक शाळेजवळ, आणि तिसऱ्या जागेशेजारी कुणाचं तरी घर भविष्यात होणार होतं. तीन सभा भांडणात गेल्या होत्या. ग्रामसेविका सुलक्षणा मॅडम रजिस्टर उघडून, पेनाचं टोपण काढून, जागा दिसते का म्हणून माणसांच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या.

गेणबा तात्या उठले. ‘‘कचरा कुनाचा हाय? ह्या होमस्टेवाल्यांचा. मग शेड शेखरच्या दारातच बांधा की!’’

सभा हसली. शंभर माना शेखरकडं वळल्या. आणि शेखरला, चमत्कारच म्हणायचा, दोन दिवस लागले नाहीत. दोन सेकंदही लागले नाहीत. तो ताडकन उठला.

‘‘बांधा की तात्या! नुसत्या दारात कशाला? मागचे दोन गुंठे अख्खे घ्या! पंचायतीला बक्षीस देतो! आणि नारळ सारजाआत्याच्या हातानं फोडा!’’

तो बसला. कान टवकारून हशाची वाट पाहू लागला.

हशा आला नाही. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मग मागून एक टाळी वाजली. मग दुसरी. सारजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि मग समाजमंदिराचे पत्रे उडतील असा टाळ्यांचा कडकडाट झाला.

‘‘अनुमोदक?’’ सुलक्षणा मॅडम ओरडल्या. त्यांचा पेन कधीच चालू झाला होता.

‘‘मी!’’ अकरा माणसं एकदम म्हणाली. ज्यांच्या घराशेजारी शेड होऊ शकली असती ती सगळी त्यात होती.

शेखरनं तोंड उघडलं, पण तोवर सरपंच रेश्माताई समोर येऊन उभ्या. मुख्याध्यापकांच्या सत्कारासाठी आणलेली शाल त्यांनी शेखरच्या खांद्यावर टाकली आणि नारळ हातात दिला. मुख्याध्यापक बिचारे स्वतः टाळ्या वाजवत होते. आता इथली रीत बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्याकडं सही-शिक्क्याच्या कागदावर माणसं तीन पिढ्या कोर्टात भांडतील, पण ज्या गोष्टीवर चारचौघांत शाल-नारळ घेतला ती गोष्ट कुणी मागं घेत नाही. शेखरनं नारळ घेतला होता. दोन्ही हातांनी घेतला होता. कुणी पुढं केला की माणूस घेतोच, त्यात विचार करायला वेळ कुठं असतो!

फोटो त्याच्याआधी घरी पोचला. हेमलतानं दारातच शालीकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं. नारळ घेतला, हलवून पाहिला आणि म्हणाली, ‘‘चटणीला होईल.’’ त्यानंतर एकोणीस दिवस ती ‘जेवायला वाढलंय’ याखेरीज काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. दानशूर शेखरभाऊ गोळे यांचे हार्दिक अभिनंदन. फोटो कुठल्या तरी लग्नातला होता, हातात घास तसाच होता. शुभेच्छुकांच्या यादीत पहिलं नाव गेणबा तात्यांचं. शेखर रोज त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून कामाला जायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, एवढं देऊन गर्व नाही.

तो सुलक्षणा मॅडमकडं गेला. ‘‘मॅडम, मी ते विनोदानं बोललो होतो.’’

मॅडमनी रजिस्टर काढलं. ‘‘विनोद असता तर मी कंसात हशा लिहिलं असतं. हे पाहा, टाळ्यांचा कडकडाट लिहिलाय.’’

‘‘पण मी सांगतोय ना!’’

‘‘तुम्ही सांगून काय उपयोग गोळेसाहेब? लिहिलेलं खरं धरतात. ठराव वर गेलासुद्धा.’’

मग तो वर गेला, म्हणजे तालुक्याच्या गावी. तिथं अमोघ साहेब म्हणून विस्तार अधिकारी होते. वयानं तरुण, पण सहा वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केल्यामुळं हसायची सवय मोडलेली. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

‘‘हेतू विनोदाचा होता असं आपलं म्हणणं. पुरावा?’’

‘‘मीच.’’

‘‘आपण अर्जदार. आपणच साक्षीदार कसे व्हाल?’’ साहेबांनी थोडा विचार केला. ‘‘हसलेल्या पाच ग्रामस्थांचे लेखी जबाब आणा. विशेष ग्रामसभा लावू, मी स्वतः येतो.’’ त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. शेखर बाहेर येऊन स्कूटरवर बसला. आपण केलेला विनोद हा विनोद होता, हे सिद्ध करायची पाळी जगात आणखी कुणावर आली असेल का, या विचारानं त्याला रस्ताभर धड हॉर्न वाजवणंही जमलं नाही.

पहिला शंभू. ‘‘हसलो?’’ शंभू गोंधळला. ‘‘हसाया काय झालं हुतं त्यात?’’

‘‘अरे, विनोद होता तो!’’

शंभू प्रामाणिक माणूस. ‘‘परत सांग बरं,’’ म्हणाला. शेखरनं अंगणात उभं राहून, हातवारे करून, ‘बांधा की तात्या’पासून ‘नारळ सारजाआत्याच्या हातानं’पर्यंत सगळं पुन्हा म्हटलं. शंभूनं डोळे मिटून ऐकलं. शंभूची बायकोही दारात येऊन ऐकत होती.

‘‘न्हाई येत बाबा हसू,’’ शंभू कष्टानं म्हणाला. ‘‘पन शेजारधर्म म्हनून लिवून देतो, किंचित हसलो असंन.’’

युनूसभाईंनी तर हकिकत ऐकून कपाळावर हात मारला. ‘‘आवो, तोंड बघून बोला म्हनलं हुतं न्हवं? मी दुकानात बोलतो, तितं गिऱ्हाईक असतंय. पंचायतीत मॅडम असत्यात, त्या लिवत्यात!’’ त्यांचा जबाब घेता येत नव्हता. ते करंजटेकचे मतदार नव्हते.

मग तो सारजाबाईंकडं गेला. ओढ्याकाठी धूर जमिनीलगत साचला होता. पलीकडं काळ्या ढिगात काहीतरी चर्र चर्र जळत होतं. सारजाबाई खोकत खोकत बाहेर आल्या, त्याला ओसरीत बसवलं, गुळाचा खडा हातावर ठेवला.

‘‘तुझ्या नावानं रोज दिवा लावती बघ देवाम्होरं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सा वरसं झाली, चुलीचा धूर कंचा आन कचऱ्याचा कंचा, कळत न्हाई मला. सून म्हनती लेकराला घिऊन म्हायेरी जाती. आता न्हाई जायाची. तू लई मोठ्या मनाचा निघालास बाबा.’’

शेखरनं गुळाचा खडा खिशात ठेवला. तुम्ही हसलात का, हे त्यानं विचारलंच नाही. जाताना त्यानं ढिगाकडं पाहिलं. त्यात त्यांच्याच होमस्टेच्या छोट्या साबणांची वेष्टनं होती, निळी, हेमलतानं स्वतः निवडलेली. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून कुणी दोन गुंठे देत नाही, असं तो स्कूटरवर बसेपर्यंत स्वतःला पटवत होता. बायकोनं सहा वर्षं राबून पिकवलेली जागा आपण एका वाक्यात उधळली, हे त्याहून मोठं दुखणं होतं. एकीकडं ही म्हातारी, दुसरीकडं हेमलता, आणि मध्ये त्याचा तो विनोद, ज्याला कुणी विनोद म्हणायला तयार नव्हतं.

उरले गेणबा तात्या. टपरीवर जाऊन शेखरनं हातच जोडले.

‘‘तात्या, तुम्हाला तरी कळलं असणार. तुम्ही हसला असणार.’’

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. साखरपुड्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. ‘‘शेखर, बाकी कायबी माग. पन ह्या बाबतीत खोटं न्हाई बोलनार. चाळीस वरसं मी ह्यो धंदा केलाय. त्यो इनोद नव्हता.’’

‘‘तात्या, माझी जागा जातीय!’’

‘‘त्याचं दुख हाय मला. लई हाय. पन म्हनून फालतू इनोदाला चांगलं म्हनू?’’

विशेष ग्रामसभेला न भूतो अशी गर्दी झाली. अमोघ साहेब टेबलाशी बसले. बायकांच्या बाजूला हेमलताही येऊन बसली होती, मांडीवर पर्स, चेहरा वाचता येऊ नये असा. साहेबांनी एकुलता एक जबाब मोठ्यानं वाचला: ‘मी किंचित हसलो असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शंभू.’ त्यांनी कागद खाली ठेवला.

‘‘किंचित चालत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आणखी कुणी हसलं होतं?’’

शंभर माणसं बसली होती. एकही हात वर झाला नाही. शेखरनं ओळीनं सगळ्यांकडं पाहिलं. जो तो छताकडं बघत होता.

तेवढ्यात गेणबा तात्या उठले. ‘‘सायेब, इनोदाचं ऱ्हाऊ द्या बाजूला. त्ये काय सिद्ध व्हायाचं न्हाई. पन मला येक सांगा, जागा हाय कुनाच्या नावावर, ह्ये कुनी बगितलं का?’’

सुलक्षणा मॅडमनी दचकून मिळकतींचं रजिस्टर ओढलं. मार्चच्या घाईत ते कुणी उघडलंच नव्हतं. पानं उलटली, बोट फिरलं, बोट थांबलं.

‘‘हेमलता शेखर गोळे,’’ त्यांनी वाचलं. ‘‘एकटीच्याच.’’

शेखरनं रजिस्टरात डोकावून पाहिलं. खरंच की! अकरा वर्षांपूर्वी, बाईच्या नावावर घेतली की कर्जाला व्याज कमी पडतं म्हणून, त्यानंच ती तिच्या नावावर घेतली होती. त्या शहाणपणाबद्दल तेव्हा चार लोकांना पेढेही दिले होते. आणि त्यानंतर अकरा वर्षं ‘माझी जागा, माझी जागा’ असं इतक्या वेळा म्हटलं, की ती कुणाची आहे हे साफ विसरून गेला होता. तो विसरला, सरपंच विसरल्या, शाल-नारळ देणारे आणि टाळ्या वाजवणारेही विसरले.

‘‘मग ठराव?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘मालकिणीची संमती नसेल तर नुसता कागद,’’ अमोघ साहेब म्हणाले.

शेखरच्या जिवात जीव आला. सुटलो! विनोद सिद्ध करायला नको, जबाब नकोत, काही नको. त्याला एकदम बळ आलं. ‘‘सांग, हेमलता,’’ तो जोरात म्हणाला, ‘‘सांग यांना!’’

शंभर माना बायकांच्या बाजूला वळल्या. हेमलता उठली.

‘‘शेड बंदिस्त असणार ना? आत काही जाळणार नाही?’’ तिनं साहेबांना विचारलं.

‘‘नाही. ओला कचरा वेगळा, त्याचं खत.’’

‘‘मग दोन नाही, एक गुंठा घ्या. रस्त्याकडचा. दुसऱ्यात माझी वांगी आहेत, खत तिथं येईल. दार रस्त्याच्या बाजूला करा. आणि किल्ली माझ्याकडं राहील, पंचायतीकडं नाही.’’ तिनं पर्समधून पेन काढला. ‘‘सही कुठं करू?’’

सारजाबाई तोंड उघडं ठेवून तिच्याकडं पाहत राहिल्या.

‘‘अगं!’’ शेखर म्हणाला.

‘‘सहा वर्षं आपल्या पाहुण्यांचा कचरा आत्यांच्या दारात जळतोय,’’ हेमलता म्हणाली. ‘‘पिशव्या रोज मीच बांधून देते. त्यात काय असतं ते मला माहीत आहे.’’

अमोघ साहेबांनी घसा साफ केला. ‘‘मग अर्जदाराचा विनोदाचा दावा निकाली काढायचा ना?’’

‘‘काढा,’’ हेमलता सही करता करता म्हणाली. ‘‘अठरा वर्षांत त्यांच्या एकाही विनोदाला मला हसू आलेलं नाही. हा निदान उपयोगी पडला.’’

सभा अशी हसली की अमोघ साहेबांनासुद्धा रुमाल तोंडाला लावावा लागला. गेणबा तात्या उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. कुणासाठी टोपी काढायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

सभा सुटली. सारजाबाई हेमलताचा हात सोडत नव्हत्या. शेखर बाहेर स्कूटरजवळ उभा होता, आणि त्याला अजून काही नीट कळत नव्हतं. जागा गेली होती की राहिली होती, आनंद करायचा की दुःख, काही उमजेना. शेवटी हेमलता आली.

‘‘एकोणीस दिवस,’’ तो म्हणाला, ‘‘एकोणीस दिवस मी वणवण फिरतोय. साहेबांकडं, मॅडमकडं, दारोदार. सही तुझी लागणार हे तुला माहीत होतं?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

हेमलता मागं बसली, पदर सावरला. ‘‘तुम्ही शंभूभावजींना विचारलंत, युनूसभाईंना विचारलंत, गेणबा तात्यांना तर हात जोडून विचारलंत. मला एकदा विचारलं असतंत,’’ ती म्हणाली, ‘‘तर मी लगेच उत्तर दिलं असतं.’’